बॉम्बे आलू आणि मुरडलेली नाकं

दिवाळीच्या पॉटलकला आमच्याकडे भांडण झालं. भांडण म्हणजे इंग्लंडातल्या मराठी लोकांचं भांडण, हातात कागदी प्लेट, प्लेटमध्ये चकली, आवाज नेहमीपेक्षा अर्धा सूर वर. कॉव्हेंट्रीत आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर एक "इंडियन", म्हणजे इंडियन हॉटेल, आहे, बारा-चौदा टेबलांचं, लाल-सोनेरी पाटीवालं. तिथे आमच्या ग्रुपमधलं एक नवीन आलेलं जोडपं जेवायला गेलं, बिल झालं बेचाळीस पौंड, आणि आता ते दोघं आणि त्यांच्या मागे अर्धा हॉल म्हणत होता की ही शुद्ध फसवणूक आहे, हे इंडियन नाहीच, बांगलादेशी लोक आपल्या देशाच्या नावावर गोऱ्यांना काय वाट्टेल ते खाऊ घालतात. दुसऱ्या कोपऱ्यात इथेच जन्मलेली पोरं होती, त्यांचं म्हणणं की यात वाईट काय, हे ब्रिटिश जेवण आहे, आम्हाला आवडतं, तुम्ही अंकल लोक फार स्नॉब आहात. मग अंकल लोक चिडले.

मी तेव्हा गप्प बसलो कारण बायकोने डोळे वटारले होते. पण घरी येताना गाडीत आणि त्यानंतर आठवडाभर डोक्यात हेच चाललंय, म्हणून लिहितो. मला दोन्ही बाजू चुकीचं भांडताना दिसल्या. अंकल लोक म्हणतात अस्सल नाही म्हणून वाईट, पोरं म्हणतात आवडतं म्हणजे झालं, आणि मधला मुद्दा कोणी बोलतच नाही. माझं मत सरळ आहे: इथल्या गल्लीतल्या "इंडियन"ला अस्सलपणाच्या तराजूत घालणंच चूक आहे. तो एक वेगळा स्वयंपाक आहे, त्याला सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, स्वतःचं तंत्र आहे, आणि त्याला नावं ठेवायची असतील तर जरूर ठेवावीत पण ती त्याच्याच हिशोबाने. आज केलेलं चांगलं झालंय का, सांगतात तेच ताटात घालतात का, आणि आत घामाघूम होऊन जो कढई हलवतोय त्याला नीट पगार मिळतो का. लखनौला किंवा साताऱ्याला असं करतात का, हा प्रश्न तिथे गैरलागू आहे.

आता प्रामाणिकपणे सांगतो, मी सुद्धा नाक मुरडणाऱ्यांतलाच होतो. पहिल्यांदा ऑफिसच्या लोकांनी शुक्रवारी रात्री नेलं तेव्हा आधी पापड आले. नुसते पापड, जेवणाच्या आधी, त्यांचे वेगळे पैसे, आणि सोबत चार वाट्यांचा स्टँड ज्यात आंब्याचा मुरांबा म्हणावा असं काहीतरी गोड, लिंबाचं लोणचं, चिरलेला कांदा आणि हिरवट दही. आमच्या घरी पापड पानात डाव्या बाजूला एक, भाताबरोबर, आणि दुसरा मागितला तर आजी बघायची. इथे लोक तो मोडून जॅम लावल्यासारखा खात होते. मग कोर्मा आला तो खिरीसारखा गोड, टिक्का मसाला आला तो होळीच्या रंगाचा. मी त्या दिवशी घरी फोन करून सगळ्यांना हसवलं होतं. तेव्हा तक्रार करणाऱ्या त्या जोडप्याला मी काय शिकवणार.

आणि तक्रारीत दम आहे, तो मान्य करूनच पुढे जायला पाहिजे. पहिली तक्रार, सगळ्या भाज्यांना एकच चव. हे खरं आहे आणि त्याचं कारण पण खरं आहे. किचनमध्ये सकाळी एक भलामोठा टोप चढतो, त्यात पोत्याने कांदे, थोडं गाजर, ढोबळी मिरची, टोमॅटो, आलं-लसूण, तेल, हळद, हे सगळं तास-दोन तास शिजवून गुळगुळीत वाटतात, ती झाली बेस ग्रेव्ही. चिकन वेगळं अर्धं शिजवून ठेवलेलं, मटण वेगळं. ऑर्डर आली की अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पॅनमध्ये तेल, आलं-लसूण, टोमॅटो प्युरी, मिक्स पावडर, ते जळायच्या एक सेकंद आधी बेस ग्रेव्हीचा डाव, मोठी आच, कडेला चिकटलेलं खरवडून परत आत, पुन्हा डाव, सहा-सात मिनिटांत प्लेट बाहेर. जरा लिंबू आणि साखर वाढवली की पथिया, डाळ घातली की धनसाक, मिरची पूड वाढवली की मद्रास, अजून वाढवली की विंदालू. म्हणजे एक आई आणि तिची वीस लेकरं. मग चेहरा सारखाच येणार.

पण थांबा जरा. पुण्यात, नाशकात, सोलापूरच्या हायवेवर कुठल्याही "प्युअर व्हेज फॅमिली रेस्टॉरंट"च्या किचनमध्ये कधी डोकावलंयत का? तिथे लाल ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही आणि पिवळी ग्रेव्ही असे तीन टोप असतात, आणि मेनूकार्डावरच्या साठ पनीरच्या भाज्या ह्या तीन टोपांतून निघतात. पनीर तुफानी, पनीर अंगारा, पनीर पटियाला, व्हेज मराठा, व्हेज दिवाणी हंडी, कोणी सांगा बघू यात फरक काय. वर किसलेलं चीज आहे की काजू, एवढाच. आपण ते खाऊन ढेकर देतो आणि कोणालाही फसवलं गेल्यासारखं वाटत नाही, कारण आपल्याला माहितीये की हॉटेलचं जेवण हे हॉटेलचं जेवण असतं. ऑर्डर दिल्यावर दहा मिनिटांत ताट पाहिजे असेल तर जगात कुठेही आधी करून ठेवलेलाच बेस लागतो. मग हीच युक्ती बांगलादेशातल्या सिल्हेटच्या माणसाने कॉव्हेंट्रीत केली की ती लबाडी कशी होते?

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, ती नावाची. बांगलादेशी माणूस "इंडियन" पाटी लावतो हे खोटं नाही का? इथे जरा मागे जावं लागेल. ही हॉटेलं ज्यांनी उभी केली ते बहुतेक सिल्हेटचे, म्हणजे कोलकात्याहून निघणाऱ्या बोटींवर बॉयलरपाशी कोळसा टाकणारे खलाशी. लंडनच्या, कार्डिफच्या, लिव्हरपूलच्या बंदरात उतरले आणि परत चढलेच नाहीत. १९४७ पर्यंत सिल्हेट हा आसामचा जिल्हा, ब्रिटिश हिंदुस्थानातला. मग तिथे सार्वमत झालं आणि तो पूर्व पाकिस्तानात गेला, आणि १९७१ ला बांगलादेश झाला. म्हणजे माणूस एकाच गावात जन्मला, वाढला आणि पंचवीस वर्षांत त्याचं गाव तीन देशांत फिरून आलं. त्याने पाटीवर काय लिहायचं होतं? जेव्हा त्याने पहिली पाटी रंगवली तेव्हा इंडियन हे त्याचं खरं नाव होतं, आणि ज्याला पाटी वाचून आत यायचं होतं त्या गोऱ्या गिऱ्हाइकाला दुसरं कुठलं नाव कळतही नव्हतं. आपल्यालाच कोण "मराठी" म्हणून ओळखतं इथे? ऑफिसात मी साताऱ्याचा आहे हे सांगून बघितलंय, समोरचा म्हणतो ओह, निअर बॉम्बे.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून मोडकळीला आलेले कॅफे आणि फिश-चिप्सची दुकानं या लोकांनी स्वस्तात घेतली. सुरुवातीला फिश-चिप्सच विकायचे, बाजूला थोडा करी-भात, स्वतःच्या लोकांसाठी. पब अकराला बंद झाले की रस्त्यावर आलेल्या भुकेल्या, पिऊन तर्र झालेल्या मंडळींना उघडं असं एकच दुकान दिसायचं. त्यांनी चिप्सवर ती करी ओतून मागितली, मग कधीतरी नुसती करी मागितली. यात कुठे राजवाड्याची पाककृती नव्हती, कुठे आईच्या हातची चव नव्हती. कितीतरी जणांनी घरी कधी चूल पेटवली नव्हती, बोटीवर नाहीतर दुसऱ्याच्या हॉटेलात भांडी घासता घासता शिकले. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून एकट्या आलेल्या पुरुषांसाठी खानावळी निघाल्या, त्या चालवणाऱ्या बायका होत्या, ज्यांच्यासाठी पुढे १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. तिथे निदान पोळी करणारे हात होते. इथे एकटे पुरुषच, रांधणारेही तेच आणि वाढणारेही तेच, गिऱ्हाईक परकं, भाषा परकी, धणे-जिरे सुद्धा शोधत फिरायचं. त्यातून त्यांनी एक असा धंदा उभा केला की आज या देशात क्वचितच एखादं गाव असेल जिथे "इंडियन" नाही. हे मोजायचं सोडून आपण त्यांच्या कोर्म्यातलं नारळ मोजत बसतो.

गंमत बघा, अस्सलपणावर भर देणारं हॉटेल इथे सगळ्यात आधी निघालं होतं. पाटण्याचे शेख दीन महंमद, कंपनीच्या फौजेतून आलेले, त्यांनी १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्तानी कॉफी हाउस उघडलं. वेताच्या खुर्च्या, भिंतीवर हिंदुस्थानची चित्रं, ओढायला हुक्का, आणि हिंदुस्थानात राहून आलेल्या साहेबांनाही नाव ठेवता येणार नाही असं जेवण, असा त्यांचा दावा. १८१२ ला दिवाळं निघालं. का? तर ज्या साहेबांना ते जेवण कळत होतं त्यांच्याकडे घरीच खानसामे होते, आणि ज्यांच्याकडे खानसामे नव्हते त्यांना ते कळत नव्हतं. नंतर हेच गृहस्थ ब्रायटनला चंपी-मालिशचे हमाम काढून राजाचे मालिशवाले झाले, तो भाग वेगळा. वीरस्वामी निघालं १९२६ ला, रीजंट स्ट्रीटवर, ते टिकलं, पण ते बड्या लोकांसाठी. गल्लीत जो टिकला तो अस्सलपणाचा आग्रह सोडलेला माणूस होता.

बरं आपण ज्याला अस्सल म्हणतो ते तरी काय असतं? त्या पॉटलकमधले एक काका म्हणाले की खरं बटर चिकन खायचं तर दिल्लीत. हो, पण ते दिल्लीचं तरी कुठे आहे. फाळणीत पेशावरहून निर्वासित होऊन आलेल्या लोकांनी दर्यागंजला मोती महल काढलं, तंदूरचं उरलेलं चिकन सुकू नये म्हणून टोमॅटो-लोण्याच्या रश्श्यात घातलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. आणि ते नेमकं कोणी केलं यावर २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात केस उभी राहिली, दोन हॉटेलं भांडतायत. म्हणजे आपला "अस्सल" पदार्थ निर्वासितांनी धंद्यासाठी काढलेला, आणि इथला टिक्का मसाला पण स्थलांतरितांनी धंद्यासाठी काढलेला, ग्लासगोचे लोक म्हणतात आम्ही काढला, बाकीचे म्हणतात नाही. दोन्हीत टोमॅटो, दोन्हीत मलई. एकाला आपण वारसा म्हणतो, दुसऱ्याला भेसळ. मधे फरक कसला आहे? मला तर फक्त पासपोर्टचा दिसतो.

आणि आता जरा स्वतःच्या घरात बघूया, कारण मला यात सगळ्यात जास्त मजा वाटते. कोल्हापूरच्या माणसाला विचारा की तुमच्याकडे घरी व्हेज कोल्हापुरी कशी करतात. तो तुमच्याकडे असा बघेल की जणू तुम्ही त्याला शिवी दिली. गल्लीच्या कोपऱ्यावर लाल कापड लावलेली चायनीजची गाडी, तिच्यावर ट्रिपल शेजवान राइस, तो चीनच्या सिचुआनमध्ये, जिथलं हे नाव, कोणाला दाखवला तर भाषांतर करायला माणूस मिळणार नाही. मंचुरियनचं श्रेय मुंबईतल्या नेल्सन वांग यांना देतात, १९७५, क्रिकेट क्लब, आलं-लसूण-मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस. मंचुरियाचा संबंध शून्य. मग मुंबईतल्या चिनी माणसाने, नेपाळी आचाऱ्याने, शेट्टीने आपल्याला चायनीजच्या नावाखाली फसवलं म्हणून आपण कधी रडलो? उलट परदेशात "खरं" चायनीज खाल्लं की आपलेच लोक म्हणतात छे, आपल्या गाडीवरची मजा नाही. हे वाक्य मी बर्मिंगहॅमच्या चायना टाउनमध्ये स्वतःच्या कानाने ऐकलंय, आणि बोलणारा तोच होता जो पॉटलकला बांगलादेश्यांवर सगळ्यात जास्त तापला होता.

इराण्याचं घ्या. इराणातल्या यझदकडून आलेले झरतुष्ट्री लोक, मुंबई-पुण्यात कोपऱ्यावरच्या जागा घेतल्या, बन मस्का आणि दाट दुधाचा चहा सुरू केला. इराणात चहा बिनदुधाचा पितात. म्हणजे इराणी चहा इराणी नाही आणि पाव तर पोर्तुगीजांकडून आलेला, तरी क्यानी किंवा ब्रिटानियाचं नाव काढलं की आपले डोळे ओले होतात. बंद पडणाऱ्या प्रत्येक इराण्यावर मराठी पेपरात हळहळ छापून येते. आता याच्या पुढची कडी ऐका. लंडनमध्ये २०१० पासून दिशूम म्हणून रेस्टॉरंट आहे, आता बऱ्याच शाखा आहेत, ते उभंच आहे जुन्या मुंबईच्या इराणी कॅफेच्या आठवणीवर. आमच्या ग्रुपमधले अस्सलवाले लोक वीकेंडला तिथे तासभर रांगेत उभे राहतात आणि फोटो टाकतात, फायनली सम रिअल फूड. मला ते आवडतं, जेवण उत्तम असतं, पण एका स्थलांतरिताच्या हॉटेलची नक्कल अस्सल आणि दुसऱ्या स्थलांतरिताचं चालू हॉटेल नकली, हे कुठलं गणित? आपल्या आजोबांच्या काळात जे घडलं त्याला इतिहास म्हणायचं आणि आपल्या डोळ्यांसमोर घडतंय त्याला बनावट, एवढंच ते आहे. उपवासाच्या ताटाबद्दल तर मी बोलतच नाही, बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो, चारही अमेरिकेतून आलेले, आणि त्यांना देवघरात प्रवेश मिळाला की नाही? आजीला हे सांगितलं असतं तर तिने मलाच उपाशी ठेवलं असतं.

इथे गोव्याच्या एका मैत्रिणीने माझ्याशी वाद घातला आणि तो सगळ्यात चांगला वाद होता, पॉटलकमधल्या कोणापेक्षाही. ती म्हणाली, तुझं सगळं बरोबर, पण विंदालूचं काय? विंदाल्यू म्हणजे आमच्या घरी सणाचं डुकराचं मटण, विनेगर आणि लसणात मुरवलेलं, दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागणारं. नावच पोर्तुगीज, वाइन आणि लसूण असा अर्थ, त्यात बटाट्याचा संबंध नाही. इथल्या लोकांनी "आलू" ऐकलं आणि बटाटा टाकला, आणि आता विंदालू म्हणजे पैज लावून खायचं तिखटजाळ पाणी. उद्या माझी मुलगी जगाला विंदाल्यू म्हणून सांगेल तेव्हा लोक हसतील. नाव चोरलं की पदार्थ मरतो, ती म्हणाली. धनसाकचंही तेच, पारशांच्या घरी तो रविवारचा, आणि घरात मृत्यू झाला की चौथ्या दिवशीचा, शुभ दिवशी कोणी करत नाही, आणि इथे त्यात अननस घालून वाढदिवसाला मागवतात.

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. नाव हे एकच असतं आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा अर्थ चालतो, हे खरं नुकसान आहे. पण दोष कोणाचा यावर मी तिच्याशी भांडलो. मद्रास, विंदालू असली नावं साहेबाच्या काळापासून क्लबांच्या आणि बोटींच्या मेनूत फिरत होती, सिल्हेटच्या माणसाने ती उचलली आणि त्यांची तिखटाची शिडी केली, खालच्या पायरीवर कोर्मा, वर विंदालू, कारण समोरच्या गिऱ्हाइकाला तेवढंच विचारायचं होतं, किती हॉट? त्याने गोव्याचा घास हिसकावला नाही, त्याला तर गोवा कुठे आहे हे पण माहीत नसेल. आणि खरा विंदाल्यू या देशात मिळावा असं वाटत असेल तर तो कोणीतरी रांधून विकायला पाहिजे. तक्रार करून कुठलाही पदार्थ जिवंत राहिलेला नाही. उडप्यांनी मुंबईत येऊन डोसा नुसता सांगितला असता तर माटुंगा माटुंगा झालं असतं का? लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आपण इथे कमी काळ नाही, पण हॉटेल काढायला आपल्यातला कोण पुढे येतो? आता कुठे हॅरो, हाउन्स्लोकडे वडापाव मिळायला लागलाय. बाकी आपण सगळे आयटी, डॉक्टर आणि अकाउंट्समध्ये, रात्री बारापर्यंत तंदूरपाशी उभं राहायला कोणी तयार नाही, आणि जो पन्नास वर्षं उभा आहे त्याच्या मेनूत भरली वांगी नाहीत म्हणून आपल्याला राग.

एका ठिकाणी मात्र मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने आहे आणि तिथे मला काही सूट द्यायची नाही. २०१४ च्या जानेवारीत यॉर्कशरकडे एका गिऱ्हाइकाने शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे असं सांगून टिक्का मसाला नेला आणि तो खाऊन तो मेला, कारण मालकाने पैसे वाचवायला बदामाच्या पावडरीऐवजी शेंगदाणा मिसळलेली पावडर वापरायला सुरुवात केली होती. २०१६ मध्ये त्या मालकाला सहा वर्षांची शिक्षा झाली, बरोबर झाली. ही आहे फसवणूक. ताटात आहे एक आणि सांगितलं दुसरंच. या दोन गोष्टींची गल्लत केली की दोन्हीकडून नुकसान होतं, कोर्म्यात नारळ घातला म्हणून आपण माणसाला चोर ठरवतो, आणि शेंगदाणा लपवणाऱ्याला "काय करणार, हे लोक असेच" म्हणून सोडून देतो. बदाम म्हटलं तर बदाम पाहिजे. त्याचा लखनौशी काही संबंध नाही.

आता दुसरी बाजू, ती पोरं आणि त्यांच्यासारखे प्रेमळ ब्रिटिश लोक. २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी भाषणात चिकन टिक्का मसाल्याला खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ म्हटलं, तेव्हापासून हे कौतुक चालूच आहे. बघा आम्ही किती उदार, आम्ही तुमचं जेवण आमचं केलं. ठीक, पण मग त्या जेवणामागचा माणूस? बाहेरून आचारी आणायचा तर मधे बरीच वर्षं नियमच असा होता की ज्या हॉटेलात टेकअवे आहे तिथे शॉर्टेज लिस्टवर, म्हणजे माणसं कमी पडणाऱ्या कामांच्या सरकारी यादीतून, आचाऱ्याला व्हिसा नाही. गल्लीतल्या कुठल्या करी हाउसला टेकअवे नाही हो? २०१६ ला ब्रेक्झिटच्या मतदानाआधी यातल्या कितीतरी मालकांना सांगितलं गेलं की युरोपातून बाहेर पडलो की तुमचे आचारी आणणं सोपं होईल, काहींनी त्यावर मत पण दिलं. मग एप्रिल २०२४ ला स्किल्ड वर्कर व्हिसाची पगाराची अट वर्षाला २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर गेली. चौदा टेबलांच्या हॉटेलात एवढा पगार मालकाला स्वतःला तरी सुटतो का हा प्रश्न आहे. बिलावर वीस टक्के व्हॅट, वर गॅस, वर तेल, वर भाडं. बेचाळीस पौंडांतले सात तर सरकारचे, हे त्या जोडप्याने बिल दाखवलं तेव्हा मी मनातल्या मनात भागून बघितलं.

आणि आतलं पण सांगितलं पाहिजे, नुसतं सरकारवर ढकलून चालणार नाही. या धंद्यात आत काम करणाऱ्यांना अनेकदा कमी पैसे मिळाले, दुकानावरच्या खोलीत चौघं-पाचजण राहिले, चोपड्यात एक आणि हातात एक असं चाललं. स्वस्त करीमधला स्वस्तपणा कोणाच्या तरी पाठीतून निघत होता, तीसेक वर्षं. म्हणून "पूर्वी कसं पाच पौंडात पोटभर मिळायचं" असं कोणी म्हणालं की मी गप्प होतो. बेचाळीस पौंड महाग वाटतात कारण आधीचे वीस खोटे होते. ही हॉटेलं बंद पडतायत त्याचं एक कारण तर चांगलं आहे, मालकांची मुलं शिकली, फार्मसिस्ट झाली, वकील झाली, त्यांना रात्री दोनला कांद्याचा वास घेऊन घरी यायचं नाही. बापाचीही तीच इच्छा होती. याच्यावर अश्रू ढाळणारा मी कोण, मी माझ्या मुलाला घालणार आहे का तंदूरपाशी? नाही घालणार.

पण धंदा आपापल्या कारणाने म्हातारा होणं वेगळं, आणि आपल्याच लोकांनी जाता जाता त्याला नकली म्हणून लाथ मारणं वेगळं. बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक, बॉलसॉल हीथ भागात पाकिस्तानी काश्मिरी लोकांनी सत्तरच्या दशकात पत्र्याच्या पातळ कढईत बाल्टी सुरू केली, ज्या कढईत शिजवायचं त्याच कढईत टेबलावर, सोबत टेबलाएवढा नान. तो पदार्थ बाल्टिस्तानात शोधायला गेलात तर हात हलवत परत याल, तो बर्मिंगहॅमचा आहे, जसा वडापाव दादरचा आहे. तिथे आता जुनी बाल्टी हाउसं बोटावर मोजण्याइतकी राहिलीत. मी शेवटचा गेलो तेव्हा कढई आली ती अजून रटरटत होती, मेथीचा वास, कडेला किंचित करपलेलं, नानच्या तुकड्याने तेच खरवडून खायचं. हे जगात दुसरीकडे मिळत नाही. ज्याला अस्सल म्हणजे "इथलंच, दुसरीकडे नाही" असं म्हणायचं असेल त्याने यापेक्षा अस्सल काही दाखवावं.

आमच्या कोपऱ्यावरच्या मालकांना मी चाचा म्हणतो, ते मला भाईसाब म्हणतात, आमची भाषा म्हणजे हिंदी, बांगला आणि इंग्रजीची मिसळ. मला कळलं की आतले लोक स्वतःसाठी वेगळंच रांधतात, मासे, सुकट, आणि शातकोरा म्हणून सिल्हेटचं एक जाड सालीचं लिंबू असतं ते घातलेलं मटण. मी म्हटलं चाचा हे मेनूत का नाही, तर म्हणाले गिऱ्हाईक कडू म्हणून परत पाठवतं. एक दिवस मंगळवारी, हॉटेल रिकामं होतं, त्यांनी मला एक वाटी आणून दिली. कडसर, आंबट, वास तर असा की आठवडाभर बोटाला राहावा. मी दुसरी वाटी मागितली तेव्हा त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी विचारलं तुमच्याकडे काय असतं. मी त्यांना भरली वांगी सांगितली, शेंगदाण्याचं कूट, खोबरं, तीळ, गूळ, चिंच, गोडा मसाला, वांग्याला देठापर्यंत चार चिरा. ते लक्ष देऊन ऐकत होते, मधेच म्हणाले शेंगदाणा नाही चालणार, अ‍ॅलर्जीची भानगड नको, किचनमध्ये येऊच देत नाही.

तीन आठवड्यांनी गेलो तर दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं, बॉम्बे ऑबर्जिन, साइड डिश, पाच पंच्याण्णव. मी म्हटलं चाचा, बॉम्बे कशाला, मी साताऱ्याचा. ते म्हणाले भाईसाब, सातारा लिहिलं तर कोण मागवणार. बायकोला वाटलं मी चिडणार. प्लेट आली, वांगी छोटी मिळत नाहीत म्हणून मोठी अर्धी कापलेली, कुटाऐवजी खोबरं आणि तीळ, खाली अर्थातच बेस ग्रेव्ही, गूळ म्हणून साखर, ती पण जरा जास्तच. पण वांगं आतपर्यंत शिजलं होतं आणि मसाला चिरेत नीट शिरला होता, जे माझं घरी दहातून चार वेळा बिघडतं. शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या आजीबाईंनी विचारलं ते काय आहे, छान दिसतंय. मी क्षणभर विचार केला आणि म्हटलं, बॉम्बे ऑबर्जिन.